तिरप्या अक्षराची पत्रिका

पत्रिकेचं प्रूफ मामानं टेबलावर सरळ करून ठेवलं आणि शेजारी भिंग ठेवलं. भिंग बाहेर निघालं की कुणाचं तरी काही खरं नसतं, हे आमच्या घरात लहान पोरालाही ठाऊक आहे. या खेपेला ते कुणीतरी म्हणजे मी होते.

मामेबहिणीचं लग्न ठरलंय. मुलाकडचे निम्मे पाहुणे अमराठी, म्हणून पत्रिका दोन भाषांत. मराठी बाजूचा मजकूर मामानं स्वतः लिहिला. त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. इंग्रजी बाजू माझ्याकडे आली, कारण अक्षरं मांडणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. मामाचाही तोच होता. मी पडद्यावर मांडते, तो शिशात मांडायचा. आधी हातात स्टिक धरून उभ्यानं, नंतर मोनोटाइपच्या, म्हणजे मोनोच्या, की-बोर्डवर बसून. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, तरी घरात येणारा प्रत्येक छापील कागद, अगदी औषधाच्या खोक्यातली घडीसुद्धा, तो आधी तपासतो आणि मग वाचतो.

"हे अक्षर कुठलं म्हणायचं?"

"कॉर्मोरंट. लाइट इटालिक."

"कॉर्मोरंट म्हणजे?"

"पाणकावळा."

"नाव अगदी चपखल आहे. मान लांब, अंगावर मांस नाही, आणि खांबावर बसलाय पंख वाळवत."

मी हसले, कारण उपमा खरंच जमली होती. क्रिस्टियान थालमान नावाच्या एका स्विस माणसानं हे अक्षर काढलं आणि जगाला फुकट वापरायला देऊन टाकलं. सोळाव्या शतकातल्या गारामोंच्या अक्षरांची आठवण मनात ठेवून काढलेलं, पण त्याहून कितीतरी नाजूक. वर जाणारे दांडे उंच, पोटं इवलीशी, टोकं सुईसारखी. त्यातलं सगळ्यात हलक्या वजनाचं तिरपं रूप मी वापरलं होतं. मोठ्या आकारात, पांढऱ्या कागदावर, भोवती मोकळी जागा सोडून ते लावलं, की शब्द कुणीतरी हळू आवाजात म्हटल्यासारखा दिसतो, असं मी मामाला सांगितलं.

"हळू आवाजात म्हणायला ही काय आजाऱ्याची चौकशी आहे?" मामा म्हणाला. "लग्न आहे. चार लोकांना बोलवायचंय. कधी, कुठे, किती वाजता. हे बघ."

त्यानं भिंग पत्त्यावर ठेवलं. मरून रंगाचं जाड कार्ड, त्यावर सोनेरी फॉइल. कार्यालयाचा पत्ता मी नऊ पॉइंटात लावला होता. भिंगाखाली जे दिसलं ते बघून मलाच ओशाळल्यासारखं झालं. छोट्या 'ई'चं पोट फॉइलनं भरून गेलं होतं; तो 'ई' राहिला नव्हता, सोन्याचा ठिपका झाला होता. 'एन'चा बारीक चढता सांधा उठलाच नव्हता, त्यामुळे एका 'एन'च्या दोन 'आय' झाल्या होत्या. रस्त्याचं नाव वाचायला ज्योतिषी लागला असता.

"आणि आकडे का असे? बारा वाजून सदतीस मिनिटांचा मुहूर्त. एक आणि दोन खुजे, तीन आणि सात खाली लोंबतायत. तोरणाची पानं सुटल्यासारखे."

"ते मुद्दाम तसे असतात, मामा. छोट्या अक्षरांच्या ओळीत आकडे ओरडू नयेत म्हणून. जुन्या पुस्तकांत असेच असायचे."

"पुस्तकात असू देत. मुहूर्ताचा आकडा ओरडलाच पाहिजे."

इथे मी गप्प बसले. पत्त्याच्या बाबतीत चूक माझीच होती, आणि ती अक्षराची नव्हती. ज्या अक्षराचा जन्मच मोठ्या आकारासाठी झालाय, ते मी नऊ पॉइंटात कोंबलं, वर फॉइलखाली चेपलं. पडद्यावर सगळं सुंदर दिसतं. मागून उजेड असतो, रेघ कितीही बारीक असली तरी दिसते.

"तुमचं काय होतं सांगू?" मामानं भिंग उचललं. "तुम्ही एकच चित्र मोठं-लहान करता. आमच्याकडे सहा पॉइंटाचा खिळा म्हणजे चोवीस पॉइंटाचं लहान पोर नव्हतं. तो वेगळा माणूस. सहा पॉइंटाच्या अक्षराला अंगानं जाड, पोटानं मोठं, शेजाऱ्यापासून लांब कापायचे. छापल्यावर ते मोठ्या अक्षरासारखंच वाटायचं, पण भिंगातून बघितलं तर बुटकं आणि दणकट. ते ज्याला कळायचं तो पंच, म्हणजे अक्षराचा मूळ ठसा, कापणारा कारागीर. तुमच्या पाणकावळ्याला कुणी बुटका भाऊ दिलाय का?"

दिलेला नाही, निदान मी तरी वापरला नव्हता. मी पत्ता सरळ अक्षरात, अकरा पॉइंटात, जरा जाड करून लावायचं कबूल केलं. मामाला वाटलं, विषय संपला. त्यानं चष्मा कपाळावर सारला.

"मग सगळंच सरळ कर. तिरपं अक्षर कशाला असतं? जोर द्यायला. वाक्यात एखादा शब्द ठासून म्हणायचा असला तर तेवढा तिरका करायचा. अख्खी पत्रिका तिरकी केली तर जोर कशावर?"

"मामा, तिरपं अक्षर जोर द्यायला जन्मलंच नाही."

त्यानं 'चल, काहीतरीच' अशा अर्थानं हात हलवला. पण चष्मा परत डोळ्यांवर आला.

मी त्याला व्हेनिसला नेलं. आल्दुस मानुत्सिओ हा मुळात मास्तर, ग्रीक-लॅटिन शिकवणारा. पंधराव्या शतकाच्या शेवटी त्यानं तिथे छापखाना काढला. त्याच्यासाठी पंच कापायचा फ्रांचेस्को ग्रिफो, बोलोन्याचा, सोनाराच्या हाताचा माणूस. १५०० मध्ये सिएनाच्या संत कॅथरीनची पत्रं आल्दुसनं छापली. त्यातल्या एका चित्रात संतिणीच्या हातात उघडं पुस्तक आणि हृदय आहे, आणि त्यांवर येशूच्या नावाचे मोजून चारपाच शब्द एका नव्या, हातानं लिहिल्यासारख्या अक्षरात आहेत. छापलेलं पहिलं इटालिक ते. पुढच्याच वर्षी, एप्रिल १५०१ मध्ये, त्याच अक्षरात अख्खा व्हर्जिल आला. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत इटालिक.

"अख्खा?"

"अख्खा. आणि लहान आकाराचा. तू म्हणतोस ना, एक अष्टमांश, तसा. तोवर व्हर्जिल म्हणजे मेजावर पसरायचा ग्रंथ, भोवती टीकेचा गराडा. आल्दुसनं टीका काढून टाकली, नुसता कवी ठेवला, आणि हातात धरून वाचता येईल एवढा केला. अक्षर चिंचोळं असल्यामुळे लांब चरण न तुटता एका ओळीत बसला."

"म्हणजे कागद वाचवायला."

"तसंही सांगतात. पण मला ते पूर्ण पटत नाही. कागद वाचवणारा माणूस समास इतके ऐसपैस सोडत नाही. मला वाटतं, त्याला वाचकाच्या ओळखीचं अक्षर हवं होतं. त्या काळचा शिकलेला माणूस स्वतःच्या वहीत कविता उतरवून घ्यायचा, त्याचं धावतं अक्षर तसं दिसायचं. छापलेलं पुस्तक त्या वहीसारखं दिसलं."

मामा छापखान्याचा माणूस, त्याचा जीव दुसरीकडेच अडकला. "त्या ग्रिफोनं जोडखिळे किती पाडले असतील मग? धावतं अक्षर म्हणजे एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर."

"कितीतरी. दोन-दोन, तीन-तीन अक्षरं एका खिळ्यावर. आणि गंमत बघ, मोठी अक्षरं त्यानं तिरपी कापलीच नाहीत. ओळीच्या सुरुवातीला कॅपिटल अक्षर सरळ, जरा बुटकं, आणि त्याच्यामागून छोटी अक्षरं तिरपी धावतात."

"शिपाई पुढे ताठ, मागे शाळेची पोरं."

मामाला ग्रिफो आवडला हे त्याच्या तोंडावरून दिसलं. त्याचं पुढे काय झालं, त्यानं विचारलं. मी सांगितलं. व्हर्जिलमध्ये आल्दुसनं त्याच्या हाताची तारीफ छापली, पण त्या अक्षराचा परवाना व्हेनिसच्या सरकारकडून घेतला तो स्वतःच्या नावानं. ग्रिफो वैतागून दुसऱ्या छापखान्याकडे गेला. तिकडे फ्रान्समध्ये ल्योंच्या छापखानेवाल्यांनी परवान्याला भीक न घालता आल्दुसच्या पुस्तकांच्या हुबेहूब नकला काढल्या. १५०३ मध्ये आल्दुसनं जाहीर पत्रक काढून त्या नकलांमधल्या चुका मोजून दाखवल्या, म्हणजे गिऱ्हाईक फसणार नाही. त्या यादीवरून ल्योंवाल्यांनी आपल्या चुका सुधारून घेतल्या, असं सांगतात.

"फुकटचं प्रूफरीडिंग!" मामा खूश झाला. "आणि ग्रिफो?"

"शेवटी बोलोन्याला परतला. स्वतःची लहान लहान पुस्तकं छापली. मग जावयाशी भांडण झालं, लोखंडी सळईनं त्याला मारल्याचा आरोप आला. त्यानंतर त्याचा मागमूस नाही."

जावयाचं नाव निघाल्यावर मामी आतून म्हणाली, "लग्नाच्या घरात काय हे विषय काढता!" आम्ही आवाज खाली केला.

"बरं," मामा म्हणाला, "तुझं म्हणणं असं, की ते सबंध पुस्तकाचं अक्षर होतं. मग माझ्या वेळेपर्यंत ते जोर द्यायच्या कामाला कसं लागलं? आमच्याकडे रोमन खिळ्यांच्या केसा भरभरून, इटालिकची एकच, कोपऱ्यात. धुळीनं भरलेली."

"लग्न झालं त्याचं," मी म्हटलं. "सुरुवातीला दोघं वेगवेगळ्या घरात राहायचे. हे पुस्तक रोमन, ते पुस्तक इटालिक. सोळाव्या शतकात, विशेषतः फ्रान्समध्ये, दोघांना एका पानावर नांदवायची पद्धत पडली. रोमन घरचा कर्ता, इटालिक त्याच्या आधारानं. प्रस्तावना, अवतरण, एखादा शब्द. आणि जोड्याही कशा? आज आपण गारामों म्हणून जे वापरतो, त्यातल्या पुष्कळांत सरळ अक्षर गारामोंचं आणि तिरपं रोबेर ग्राँजोंचं. दोघं वेगळे कारागीर. चारशे वर्षांनी लोकांनी पत्रिका जुळवली."

"गुण किती जुळले?"

"छत्तीसच्या छत्तीस नाहीत. पण संसार बरा चाललाय."

इथे मामानं मला एक गोष्ट सांगितली, जी मी पुस्तकात वाचली होती पण कधी कळली नव्हती. त्याच्या छापखान्यात एक लायनो मशीनही होतं. लायनोत पितळी साच्याच्या एकाच तुकड्यावर दोन अक्षरं असतात, वर रोमन, खाली त्याचं इटालिक. तुकडा एकच, म्हणून रुंदीही एकच. इटालिकचा स्वभाव अंग चोरून चालण्याचा, पण लायनोत त्याला रोमनच्या मापाचे कपडे घालावे लागायचे. "ढगळ दिसायचं. थोरल्या भावाचा सदरा घातल्यासारखं," मामा म्हणाला. मोनोत तसं नव्हतं, प्रत्येक अक्षर सुटं, म्हणून त्याला मोनो प्यारं. मी ते बोलणं मनात टिपून ठेवलं. जुन्या पेपरबॅक पुस्तकांतलं तिरपं अक्षर इतकं अवघडलेलं का वाटतं, ते मला त्या क्षणी उमगलं.

पण मामा काही हार मानणारा नव्हता. "इटालिकला एवढी नखरेल वळणं हवीत कशाला? सरळ अक्षर जरासं कलतं करायचं. वाचणाऱ्याला फरक कळला, काम झालं. बाकी सगळी मिरवणूक."

"मामा, तुझंच म्हणणं स्टॅन्ली मॉरिसननं १९२६ मध्ये मांडलं होतं."

"कोण?"

"मोनोटाइप कंपनीचा सल्लागार. तुझ्या त्या मोनोच्या मशीनवर जी चांगली अक्षरं होती, त्यातली निम्मी त्याच्या आग्रहानं आलेली. त्यानं लेखच लिहिला: आदर्श इटालिक म्हणजे कलता केलेला रोमन. वळणं कमी, शिस्त जास्त. व्हान क्रिंपेन नावाच्या डच माणसानं तसं करूनही दाखवलं."

"बघ!"

"पुढचं ऐक. १९३२ मध्ये मॉरिसनच्याच देखरेखीखाली टाइम्स आलं. तू आयुष्यभर जे जुळवलंस तेच. त्याचं इटालिक काढताना मॉरिसननं स्वतःचा सिद्धान्त बाजूला ठेवला. त्यातला छोटा 'ए' आठव. रोमनमध्ये डोक्यावर टोपी असलेला, इटालिकमध्ये टोपी काढून पोट आणि शेपूट एवढाच. 'एफ' ओळीखाली उतरतो. ते कलणं नव्हे, ते वेगळं लिहिणं आहे. हात थांबत नाही, म्हणून अक्षराचा सांगाडाच बदलतो. तिरपेपणा हा नंतरचा परिणाम. सुरुवातीची काही इटालिकं इतकी कमी तिरपी आहेत की पट्टी लावल्याशिवाय कळत नाही."

मामा काही बोलला नाही. बोटानं हवेत टोपीवाला 'ए' काढला, मग बिनटोपीचा. दुसऱ्याला वेळ कमी लागला. कंपोझिटरची बोटं, मला वाद घालायची गरजच पडली नाही.

"हे म्हणजे मोडीसारखं," तो शेवटी म्हणाला.

मी नेमकी त्याच शब्दाची वाट बघत होते. रोममध्ये पोपच्या कचेरीत हुकूमनामे लिहिणाऱ्या लेखनिकांचं अक्षर प्रसिद्ध होतं. त्यांतल्याच लुदोविको आरिगीनं १५२२ च्या सुमारास ते अक्षर शिकवणारा छापील कित्ता काढला आणि नंतर त्याचे खिळेही पाडून घेतले. उंच दांडे, हलकं अंग, लांब झोकदार टोकं. आजचं प्रत्येक नाजूक इटालिक त्या आरिगीचं थोडंफार देणं लागतं. त्या अक्षराला इटालियनमध्ये 'कांचेलेरेस्का' म्हणतात, म्हणजे कचेरीतलं, दप्तरातलं. आपल्याकडे मोडीच्या एका वळणाचं नाव काय? चिटणिशी. दोन्हीकडे घाई सारखीच: हुकूम आज निघाला पाहिजे, पेन उचलायला फुरसत नाही.

"पण मग आपण उलटं केलं," मी म्हटलं. "त्यांनी कचेरीतलं अक्षर उचललं आणि व्हर्जिलला घातलं. आपण छापखाना आल्यावर बाळबोध घेतली आणि मोडी दप्तरातच ठेवली. सेरामपूरला मोडीचे खिळे पाडून पुस्तकं छापली होती, पण ते फारसं रुजलं नाही. आल्दुसला चिटणिशी अक्षरातला ज्ञानेश्वर सुचला असता."

"वाचला असता कुणी?" मामा एकदम उसळला. "माझ्या आजोबांच्या जमिनीचे कागद मोडीत आहेत. वाचून घ्यायला मोडी जाणणारा शोधत दोन वर्षं हिंडलो. लिहिणाऱ्याची सोय ती वाचणाऱ्याची अडचण. बाळबोध म्हणजे काय? बाळालाही बोध होईल अशी. लोकांनी शहाणपणानं निवड केली. आणि जोर द्यायला आपलं काही अडलं नाही. पोथीत गेरूनं लाल अक्षर, चुकलं तर हरताळ. छापायला लागल्यावर मूळ श्लोक मोठ्या खिळ्यात, टीका बारीक खिळ्यात. तिरकं करावं लागलं नाही कुणाला."

खरं सांगायचं तर याला माझ्याकडे धड उत्तर नव्हतं, आजही नाही. मोडी हरवल्याची हळहळ मला वाटते ती चित्र म्हणून. कागद वाचून घेण्यासाठी मी कधी हिंडलेले नाही.

एका गोष्टीवर मात्र आमचं तत्काळ एकमत झालं. प्रूफ आणून देणाऱ्या मुलानं सुचवलं होतं, मराठी बाजूपण तिरपी करू ना, एक बटण तर दाबायचंय, मॅचिंग होईल. मी गंमत म्हणून फोनवर तसं करून मामाला दाखवलं. तो कळवळला. शिरोरेषा जागच्या जागी आडवी, आणि तिच्याखाली काने सगळे एका बाजूला कललेले, वादळानंतरचे विजेचे खांब जणू. मात्रा मुळात डावीकडे झुकून वर जाते. तिला उजवीकडे ढकलल्यावर ती ताठ उभी राहिली आणि 'के' ओळखू येईना. हातानं कुणी असं लिहीतच नाही. आपल्या बोरूची छाटही त्यांच्या पेनाच्या उलट बाजूची, जिथे त्यांची रेघ भरते तिथे आपली बारीक होते. यंत्रानं ढकललेली देवनागरी म्हणजे पाय मुरगळलेली देवनागरी, तिला इटालिक म्हणू नये. वर्तमानपत्रांत बातमीदाराचं नाव किंवा चौकटीतला मजकूर अजून तसा दिसतो, आणि मला दर वेळी तो कान धरून सरळ करावासा वाटतो.

"मग आता सांग," मामा म्हणाला, "एका बाजूला माझी मराठी ताठ उभी, पाठ फिरवली की तुझी इंग्रजी लवून मुजरा करतेय. एकाच घरचं आमंत्रण वाटतं का हे?"

हा प्रश्न चांगला आहे. दुभाषी काम करणाऱ्या कुणालाही तो छळतो. मी मराठी बाजूला बारीक रेघेचं, मोकळं देवनागरी अक्षर सुचवलं. वजन जुळलं की घर जुळतं, तिरपेपणा जुळायची गरज नाही. मामा म्हणाला, मराठीला उपाशी ठेवायचं नाही. तिथे आम्ही थांबलो.

मामीनं चहा आणला. चहाबरोबर मामानं नवा मुद्दा काढला. तो हल्ली नातीची इंग्रजी पुस्तकं वाचतो.

"त्यात आमटी तिरपी असते. आई तिरपी. मोदक तिरपा. सँडविच मात्र सरळ. आपल्या घरात बसून आपलीच आमटी परकी."

त्या भाषेच्या छपाईत परका शब्द तिरपा करायचा रिवाज आहे. जहाजाचं नाव, पुस्तकाचं नाव, खटल्याचं नाव आणि झाडाझुडपांची शास्त्रीय नावंही तशीच. आपला आंबाही तिथे 'मँजिफेरा इंडिका' होऊन तिरका होतो. आता भारतीय इंग्रजी लेखक आणि प्रकाशक हळूहळू हा रिवाज मोडताहेत, आमटीला सरळ बसवताहेत. मामाला ते ऐकून बरं वाटलं. पण मला त्या रिवाजाची एक दुसरी बाजू फार आवडते, आणि ती मी त्याला सांगितलीच. १५६० च्या जिनिव्हा बायबलमध्ये भाषांतरकारांनी मूळ हिब्रू-ग्रीकमध्ये नसलेले, पण इंग्रजी वाक्य पुरं व्हायला घालावे लागलेले शब्द इटालिकमध्ये दिले. पुढच्या इंग्रजी बायबलांनीही ती चाल ठेवली. तिथे तिरपं अक्षर म्हणतं, हा शब्द देवाचा नाही, आमच्या पदरचा आहे. आणि ठाऊक नसलेला वाचक नेमका त्याच शब्दावर जोर देऊन वाचतो.

मामा इतका हसला की ठसका लागला. "आमच्याकडे एक साहेब होते. त्यांच्या पत्रात जिथे जोर असायचा, तिथे नेमकं त्यांच्या पदरचं असायचं."

मग तो उठून आतल्या खोलीत गेला. कपाट उघडल्याचा, डबा सरकवल्याचा आवाज. परत आला तो बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा घेऊन. त्यात शिशाचे खिळे होते, मूठभर. बोटानं ढवळून त्यानं एक उचलला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"काय आहे?"

आरशातल्यासारखं उलटं वाचायची मला सवय नाही. मी फिरवून फिरवून बघितलं. वर एक आकडी पुढे आलेली, खाली एक शेपूट मागे गेलेली, आणि दोन्ही टोकं शिशाच्या ठोकळ्याबाहेर अधांतरी. इटालिक 'एफ'.

"चोवीस पॉइंट," मामा म्हणाला. "अख्ख्या केसमध्ये सगळ्यात नाजूक पोर. अंगात मावत नाही, म्हणून डोकं शेजाऱ्याच्या खांद्यावर टेकतं. शेजारी उंच आला, 'एच' किंवा 'एल', तर डोकं मोडलंच. फर्मा ठोकताना जरा जास्त हात पडला, मोडलं. डिस्ट्री करणाऱ्या, म्हणजे वापरलेले खिळे परत लावणाऱ्या पोरानं खणात फेकलं, मोडलं. महिनाभरात निम्मे 'एफ' बिनडोक्याचे. इंग्रजी काम आलं की आधी मी 'एफ' मोजायचो. पुरले तरच काम इटालिकमध्ये घ्यायचं, नाहीतर गिऱ्हाइकाला सांगायचं, साहेब, रोमन बरं दिसेल."

"म्हणून तुला इटालिक नको असतं!"

"म्हणून नव्हे." तो थांबला. "म्हणूनही असेल."

"हा कसा वाचला?"

"हा वापरलाच नाही. नवीन फाउंट आला त्या दिवशी बाजूला काढून ठेवला."

मी तो 'एफ' टेबलावर उभा केला. मामानं प्रूफ पुन्हा ओढून घेतलं, भिंग लावलं आणि एकेक ओळ खाली सरकत गेला. मराठी बाजू तशीच. इंग्रजी बाजूला नवरा-नवरीची नावं मोठी, छत्तीस पॉइंटात, तिरपी. तिथे फॉइल नीट उठलं होतं, पाणकावळ्याचे पंख खरोखर उघडले होते. त्यावर तो काही बोलला नाही, म्हणजे पास. पत्त्यावर त्यानं लाल पेन्सिलीनं गोल केला आणि समासात 'रोमन, ११' लिहिलं. मुहूर्तावर दोन गोल. निमंत्रकांची यादी: रोमन.

मग नावाखालच्या बारीक ओळीवर भिंग थांबलं. 'डॉटर ऑफ', आणि पुढे मामा-मामीची नावं. बारा पॉइंट, तिरपी. 'ऑफ'मधल्या 'एफ'ची आकडी फॉइलमध्ये अर्धीच उठली होती.

"हे मोडलंय," तो म्हणाला.

"ती ओळपण सरळ करते मग. अकरात."

मामानं पेन्सिल टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली. टेबलावरच्या शिशाच्या 'एफ'कडे एकदा बघितलं.

"नको," तो म्हणाला. "ही तिरपीच राहू दे. फक्त अठरा कर."